बर्फ पात्यावर, माप कुठे?

वाचकांचे प्रश्न : उपकरणं आणि मोजमाप

मागच्या अंकात स्वीडन-फिनलंडकडच्या पवनचक्क्यांविषयी लिहिताना मी एक वाक्य जाता जाता लिहिलं होतं : तिकडे हिवाळ्यात पात्यांवर बर्फ धरतो, आणि तो नेमका किती धरला हे कळणं सोपं नाही. त्या एका वाक्यावर पत्रांचा गठ्ठा आला, आणि त्यात नागपूर नि आसपासचीच पत्रं जास्त. २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश सोसलेलं हे गाव. थंडीची आपली हद्द म्हणजे २०१८ च्या डिसेंबरातले साडेतीन अंश. अशा गावातून बर्फाबद्दल इतके नेमके प्रश्न यावेत याचा मला मनापासून आनंद झाला. सगळ्यांना जागा नाही, पण निवडलेल्या पत्रांना सविस्तर उत्तर देते.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझा भाचा इथूनच इंजिनिअरिंग करून आता उत्तर स्वीडनमध्ये पवनचक्क्यांच्या कामावर लागला. फोनवर सांगतो, "मामा, माझं काम म्हणजे पात्यावरचा बर्फ मोजणं." मला काही केल्या उमजेना. थर्मामीटर शून्याखाली गेला की बर्फ आला, इतकं साधं नाही का? नाहीतर वर एक कॅमेरा लावून द्यावा. एवढ्यासाठी हे लोक इंजिनिअर कशाला ठेवून राहिले?
— एक मामा, मानेवाडा, नागपूर

उत्तर : थर्मामीटर आधी घेऊ. हवा शून्याखाली गेली म्हणून पात्यावर बर्फ धरतो असं नाही. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर उणे पंचवीसलाही पातं स्वच्छ फिरत राहतं. उलट उणे तीनलाच ढग टेकडीवर उतरला, की तासाभरात पात्याची पुढची धार पांढरी होते. बर्फाला पाणी लागतं आणि ते येतं ढगातल्या थेंबांतून. हे थेंब फार बारीक, साधारण दहा ते तीस मायक्रॉनचे, आणि ते शून्याखाली जाऊनही द्रवच राहू शकतात. गोठायला त्यांना कशाचा तरी आधार लागतो. उणे दहा, उणे पंधराच्या ढगातही असं न गोठलेलं पाणी सापडतं. पातं त्याला धडकलं की आधार मिळाला. थेंब जागच्या जागी गोठतो.

थंडी कडक आणि थेंब बारीक असतील तर प्रत्येक थेंब पसरायच्या आत गोठतो, मधे हवा अडकते आणि पांढरा, रवाळ बर्फ होतो. शून्याच्या जवळपास, मोठ्या थेंबांचं किंवा गोठत्या पावसाचं पाणी आधी पसरतं आणि मग गोठतं. तो बर्फ काचेसारखा, जड, चिवट. पांढऱ्याची घनता घनमीटरला २०० किलोपासून ९०० पर्यंत कुठेही असते, काचेसारख्याची ९०० च्या आसपास. त्यामुळे "दोन सेंटिमीटर बर्फ आहे" असं कुणी सांगितलं तरी त्यावरून वजन काही कळत नाही. तुमच्या भाच्याच्या कामातली ही पहिली अडचण.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे आणि मला तीच सांगायची आहे. हा बर्फ बसतो कुठे?

अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने २००९ साली अभ्यासासाठी पाच मेगावॅटच्या पवनचक्कीचा एक नमुना कागदावर मांडला. जगभरचे संशोधक तो वापरतात, आपणही वापरू. हब, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात तो मधला भाग, जमिनीपासून ९० मीटरवर; रोटरचा, म्हणजे पात्यांच्या फिरत्या चक्राचा, व्यास १२६ मीटर; पूर्ण वेगाला मिनिटाला १२.१ फेरे. यातून पात्याच्या टोकाचा वेग निघतो सेकंदाला ८० मीटर, म्हणजे ताशी २८८ किलोमीटर. आता समजा ढगात दर घनमीटरला ०.२ ग्रॅम पाणी आहे. टोकाजवळच्या धारेच्या एक चौरस मीटरसमोर दर सेकंदाला ८० घनमीटर हवा येते, म्हणजे १६ ग्रॅम पाणी. निम्मे थेंब धारेला चुकवून हवेबरोबर निघून गेले असं धरलं तरी ८ ग्रॅम चिकटलं. तासाचे झाले जवळजवळ २९ किलो.

तोच ढग, तीच वेळ, पण नॅसेलवर या. नॅसेल म्हणजे टॉवरच्या डोक्यावरची ती पेटी, जिच्यात गिअरबॉक्स आणि जनरेटर असतो. तिथल्या सेन्सरसमोर फक्त वाऱ्याचा वेग, समजा सेकंदाला ८ मीटर. पाणी येतं दहावा हिस्सा. शिवाय संथ हवेतले बारीक थेंब वस्तूला वळसा घालून निसटतात, म्हणून चिकटतं त्याहूनही कमी. फिनलंडच्या लासे माक्कोनेन यांचं बर्फवाढीचं सूत्र या क्षेत्रात सगळे वापरतात, त्यात हेच मांडलेलं आहे : हवेतलं पाणी, वेग आणि समोरचं क्षेत्रफळ यांचा गुणाकार, आणि त्याला तीन गुणांक. थेंब धडकले किती, धडकलेल्यांपैकी चिकटले किती, चिकटलेल्यांपैकी गोठले किती.

उंचीचंही बघा. या नमुन्यात पात्याचं टोक वर जातं तेव्हा १५३ मीटरवर असतं आणि नॅसेल ९० वर. ढगाचा तळ १२० मीटरवर असला तर प्रत्येक फेरीत टोक ढगातून न्हाऊन येईल आणि नॅसेलवरचा सेन्सर कोरडाच राहील. तो प्रामाणिकपणे सांगत राहील, "बर्फ नाही." तरीही पुष्कळ ठिकाणी बर्फाचा सेन्सर नॅसेलवरच असतो, कारण तिथे माणूस उभा राहू शकतो, वायर पोचते, दुरुस्ती होते.

माझी सगळी नोकरी कोराडीच्या बाजूला, औष्णिक वीजनिर्मितीतल्या इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये गेली. नळी सगळ्यात जास्त तापते भट्टीसमोर, आणि थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, मात्र बसतो जिथे पाना पोचतो तिथे. म्हणून आकडा वाचायच्या आधी तो देणारी वस्तू कुठे बसवली आहे हे विचारायची सवय लागली, ती निवृत्तीनंतरही गेलेली नाही. पवनचक्कीच्या बर्फाबाबत हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

नॅसेलवरचे सेन्सर वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. त्यातला एक प्रकार विमानांसाठी घडलेला आहे : बोटाएवढी धातूची कांडी सेकंदाला ४० हजार वेळा कंप पावत असते. तिच्यावर अर्धा मिलिमीटर बर्फ बसला की कंपनं साधारण १३० हर्ट्झने उतरतात. इलेक्ट्रॉनिक्स ती घट पकडतं, "बर्फ आला" असं कळवतं, मग आतला हीटर कांडी तापवून बर्फ पाडतो आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. फार देखणं यंत्र आहे. दुसरा प्रकार सरळ वजनाचा. आयएसओ १२४९४ या मानकात अर्धा मीटर लांब आणि ३० मिलिमीटर जाडीचा दंडगोल सांगितला आहे. तो सावकाश फिरता ठेवायचा म्हणजे सगळीकडून सारखा बर्फ धरतो, आणि खालच्या लोडसेलवर वजन येतं. तिसरा त्याहून सोपा : शेजारीशेजारी दोन ॲनिमोमीटर, म्हणजे वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं, एक तापवलेला आणि एक साधा. साधा मंदावू लागला आणि तापवलेला नाही, की समजायचं.

पण कांडी स्वतःला तापवून साफ करते, पात्याला तशी सोय असेलच असं नाही. म्हणून दोन वेगवेगळे काळ मोजावे लागतात : बर्फ वाढत असतो तो काळ, आणि बर्फ बसून राहिलेला असतो तो काळ. ढग तीन तासांत निघून गेला तरी थंडी टिकली तर पात्यावरचा थर दिवसेंदिवस तसाच राहतो. कांडी पहिला काळ सांगते, दुसऱ्याबद्दल तिला काही माहीत नसतं. आणि वीज बुडते ती दुसऱ्या काळात.

मग दुसरा काळ कसा कळणार? तो पवनचक्कीच सांगते. अमुक वाऱ्याला अमुक वीज, हे तिचं ठरलेलं असतं. धारेवर खरबरीत थर बसला की पात्याचा आकार बिघडतो, उचल कमी होते, वीज घसरते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या छत्राखाली थंड प्रदेशांतल्या पवनऊर्जेवर २००२ पासून काम करणाऱ्या गटाने याची एक पद्धत बांधून दिली. आधी त्याच पवनचक्कीची अधिक तीन अंशांच्या वरची नोंद घ्यायची, दहा-दहा मिनिटांच्या सरासरीने. प्रत्येक वाऱ्याच्या वेगाला, ज्याच्या खाली फक्त दहा टक्के नोंदी येतात अशी एक खालची रेघ काढायची. मग तापमान शून्याखाली असताना सलग तीन नोंदी, म्हणजे अर्धा तास, त्या रेघेखाली गेल्या की बर्फ धरला असं मानायचं; अर्धा तास रेघेच्या वर राहिल्या की सुटला. नवीन यंत्र काही लागत नाही, असलेली नोंदच पुरते. मला ही पद्धत मनापासून आवडते.

तिच्यातही दोन खड्डे आहेत. थंड हवा जड असते. उणे दहाला, समुद्रसपाटीजवळ, घनमीटरभर हवेचं वजन १.३४ किलोच्या आसपास भरतं. मे महिन्यातल्या दुपारी नागपुरात ते १.०७ वर येतं. जड हवेतून वीज जास्त निघते. हा फरक हिशोबातून काढला नाही तर थंडीची कमाई बर्फाचा तोटा झाकून टाकते आणि कागदावर सगळं ठीक दिसतं. दुसरा खड्डा ॲनिमोमीटरचा. त्याच्यावरच बर्फ बसला की तो वारा कमी दाखवतो, आणि तेवढ्या कमी वाऱ्यात एवढी वीज म्हणजे चक्की उत्तमच चालली आहे असं वाटतं. म्हणून त्या गटाच्या पद्धतीत अशा वाजवीपेक्षा चांगल्या नोंदीही वेगळ्या काढतात.

आता कॅमेरा. तुमचा प्रश्न रास्त आहे, कॅमेरे लावतातही, रात्रीसाठी इन्फ्रारेड दिव्यांसह. पण उत्तर स्वीडनमध्ये डिसेंबरात दिवस काही तासांचाच असतो, आणि बर्फ वाढतो नेमका पवनचक्की ढगात असताना, म्हणजे काही दिसत नसताना. काचेवरही तोच बर्फ. मात्र ढग सरला की बर्फ पात्याच्या कुठल्या भागात आहे हे कॅमेऱ्याइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही. बाकीच्या यंत्रांचं खरं-खोटं करायला तो हवाच.

पात्यावर थेट मोजायचे मार्गही आहेत. पात्याच्या आत त्वरणमापक बसवून त्याची कंपनं ऐकतात. वजन वाढलं की कंपनांची वारंवारता उतरते. याबद्दल खाली चौघी विद्यार्थिनींना उत्तर दिलं आहे ते वाचा. दुसरा मार्ग म्हणजे पात्याच्या पृष्ठभागावर चिकटवायचे पातळ सेन्सर, त्या जागी पाणी आहे, बर्फ आहे की नुसती हवा, हे विजेच्या गुणधर्मावरून ओळखणारे. ते अचूक आहेत, पण चिकटवले तेवढ्याच जागेबद्दल बोलतात.

तेव्हा भाच्याला पुढच्या फोनवर एवढंच विचारा : तू मोजतोस ते ढगातलं पाणी, कांडीवरचा बर्फ, बुडालेली वीज, की पात्याचं वाढलेलं वजन? या चार वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकमेकींशी जुळवणं हे पूर्ण वेळाचं काम आहे, आणि इंजिनिअरचंच आहे.

प्रश्न : ताई, आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चात गारा पडतात. मृग बहाराची संत्री तोडणीला आलेली असतात आणि आंबियाचा फुलोरा, दोन्ही झोडपून जातात. गार फुटली की आत पांढरी आणि काचेसारखी अशी कडी दिसतात. तुम्ही लिहिता तो पात्यावरचा बर्फ आणि ही गार, एकाच जातीची का?
— एक संत्रा बागाईतदार, काटोल

उत्तर : अगदी एकाच जातीची, आणि हे तुम्ही गार फोडून पाहिलंत याचं मला कौतुक वाटतं. गारही शून्याखालच्या न गोठलेल्या थेंबांवरच वाढते. फरक इतकाच की पातं आपल्या जागी फिरतं आणि ढग त्याच्यापाशी येतो. गार स्वतः ढगातून वरखाली हिंडते. जिथे थंडी जास्त आणि पाणी कमी तिथे थेंब लगेच गोठून पांढरं कडं होतं. जिथे पाणी इतकं की गोठायला वेळ लागतो तिथे ते पसरून पारदर्शक कडं होतं. गारेच्या पोटात तिचा प्रवास लिहिलेला असतो. पात्यावरच्या बर्फाचा तुकडा आडवा कापला तर तसेच थर दिसतात, फक्त एका बाजूला वाढलेले, वाऱ्याच्या दिशेने.

पुन्हा गारपीट झालीच, देव करो न होवो, तर एक मोठी गार लगेच डब्यात घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवा. तासाभराने बारीक दात्यांच्या करवतीने मधोमध कापा, कापलेली बाजू कोमट तव्यावर क्षणभर टेकवून गुळगुळीत करा आणि काळ्या कागदावर ठेवून फोटो काढा. पांढऱ्या कड्यातले हवेचे बुडबुडे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट महाराष्ट्र विसरलेला नाही. अशा वेळी पंचनाम्यात गारेचा आकार "लिंबाएवढी" असा लिहिला जातो. शेजारी फुटपट्टी ठेवून काढलेला फोटो त्याहून कितीतरी उपयोगी पडेल.

प्रश्न : माझा मुलगा कॅनडात पवनचक्क्यांच्या देखभालीवर आहे. हिवाळ्यात पात्यांवरून बर्फाचे तुकडे उडतात असं वाचलं आणि झोप उडाली. किती लांब उडतात? त्याने किती अंतर ठेवावं?
— एक आई, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ताई, काळजी समजते. उत्तर आकड्यांत देते, म्हणजे त्याच्याशी नीट बोलता येईल.

वरच्याच नमुन्यात टोकाचा वेग ८० मीटर आणि त्रिज्या ६३ मीटर. या वेगाला टोकावरच्या बर्फावर बाहेरच्या दिशेने जो ओढा येतो तो त्याच्या वजनाच्या दहापट असतो. किलोभराचा तुकडा दहा किलोच्या जोराने सुटायला बघतो. सुटला की वाऱ्याबरोबर जातो. फिरत्या पवनचक्कीसाठी तज्ज्ञ एक साधा ठोकताळा वापरतात : रोटरचा व्यास आणि हबची उंची यांची बेरीज करून दीडपट. आपल्या नमुन्यासाठी १२६ आणि ९०, बेरीज २१६, दीडपट ३२४ मीटर. हे सावधगिरीचं अंतर आहे. तुकडे एवढे लांब पडतातच असं नाही. स्वित्झर्लंडमध्ये आंडरमाटच्या वर, २३०० मीटर उंचीवरच्या ग्यूच इथल्या पवनचक्कीखाली संशोधकांनी प्रत्येक तुकडा शोधून, तोलून त्याची नोंद केली. त्यात सगळ्यात लांबचा तुकडा ९२ मीटरवर सापडला आणि सगळ्यात जड १.८ किलोचा होता. ती पवनचक्की बरीच लहान, पण पावणेदोन किलोचा बर्फ उंचावरून पडणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मुलाला आवर्जून सांगा. धोका थंडी वाढते तेव्हा कमी असतो आणि ऊन पडतं, तापमान शून्याच्या वर सरकतं, तेव्हा वाढतो; बर्फ तेव्हा सुटतो. आणि "सेन्सर बर्फ नाही म्हणतोय" एवढ्यावर टॉवरखाली जाऊ नये. सेन्सर नॅसेलवरचा असेल तर तो का चुकू शकतो ते वर लिहिलंच आहे. दुर्बिणीतून तिन्ही पाती धारेपासून टोकापर्यंत स्वतः बघावीत, चक्की थांबवलेली असावी, आणि गाडी वाऱ्याच्या वरच्या बाजूला लावावी. थांबलेल्या पात्याखालीही बर्फ पडतो, म्हणून हेल्मेट दारातून बाहेर पडायच्या आधी डोक्यावर हवं.

प्रश्न : मॅडम, आम्ही शेवटच्या वर्षाला आहोत, इन्स्ट्रुमेंटेशन. पात्यावरचा बर्फ मोजण्यावर प्रोजेक्ट करायचा आहे. गाईड सर म्हणतात, "नागपुरात बर्फ कुठून आणणार?" काही करता येईल का?
— चौघी विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : येईल, आणि करा. पवनचक्की नको, ढगही नको.

एक ३० सेंटिमीटरची स्टीलची फुटपट्टी घ्या, एक मिलिमीटर जाडीची. टेबलाच्या कडेला क्लॅम्पने घट्ट आवळा आणि ८ सेंटिमीटर बाहेर ठेवा. टोक दाबून सोडा. फोनमधल्या फिफॉक्स या मोफत ॲपमध्ये आवाजातल्या वारंवारता दाखवायची सोय आहे. हिशोबाने तिथे सव्वाशे हर्ट्झच्या आसपास शिखर दिसायला हवं. क्लॅम्प सैल असेल तर कमी येईल. आता सराफी काट्यावर तोलून दोन ग्रॅम कणीक टोकाला चिकटवा. वारंवारता शंभरच्या जवळ उतरेल. तीच कणीक काढून बाहेर आलेल्या भागाच्या मध्यावर चिकटवा. उतरण्याचा हिशोब फार तर तीन-चार हर्ट्झ.

दोन्ही वेळी वजन दोनच ग्रॅम. टोकाला ते ओरडून सांगतं आणि मध्यावर कुजबुजतं, कारण कंपनात टोक सगळ्यात जास्त हलतं. खऱ्या पात्याच्या मोजणीतला सगळा पेच इथे तुमच्या टेबलावर आला. नुसत्या एका वारंवारतेवरून "इतके किलो" असं सांगता येत नाही. थोडा बर्फ टोकाला असो की पुष्कळ बर्फ मुळाकडे, उत्तर तेच येऊ शकतं. त्यावर उपाय म्हणजे एकाहून अधिक कंपनप्रकार मोजायचे. फुटपट्टीचाही दुसरा कंपनप्रकार असतो, पहिल्याच्या सहापटीहून थोडा वर. कणीक कुठे आहे त्याप्रमाणे दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात उतरतात. दोन आकड्यांतून वजन आणि जागा दोन्ही काढून दाखवा. प्रोजेक्ट तिथेच उभा राहतो.

एवढ्यावर थांबू नका. खरं पातं काचतंतू आणि राळेचं असतं, थंडीत ते जरा ताठ होतं आणि वारंवारता वर जाते, म्हणजे बर्फाच्या उलट दिशेला. फिरताना बाहेरच्या ओढ्यामुळेही पातं ताणलं जातं आणि वारंवारता चढते. म्हणून तुलना नेहमी त्याच तापमानाच्या, त्याच फेऱ्यांच्या, स्वच्छ पात्याशी करायची. फायबरच्या पट्टीवर तोच प्रयोग खोलीत आणि डीप फ्रीझरमधून काढल्या काढल्या करा, हा परिणाम किती येतो ते मोजा. व्हायव्हाला हाच प्रश्न येईल.

दुसरा भाग करायचा असेल तर ॲक्रिलिकच्या तुकड्यावर तांब्याच्या चिकटपट्टीच्या दोन पट्ट्या शेजारीशेजारी लावा, वर प्लॅस्टिकचा पातळ थर, आणि एलसीआर मीटरने धारिता मोजा. पाण्याचा परावैद्युतांक ८० च्या आसपास, हवेचा एक. बर्फाची गंमत आहे : १०० किलोहर्ट्झवर तो जेमतेम तीनच्या वर असतो, पण काही किलोहर्ट्झच्या खाली पाण्याच्या तोडीला जातो. म्हणून एका वारंवारतेवर मोजाल तर ओला थर की गोठलेला हे कळणार नाही. एक आणि शंभर किलोहर्ट्झ, दोन्हीवर मोजाल तर कळेल. पाणी डिस्टिल्ड घ्या, नळाच्या पाण्यातले क्षार खालच्या वारंवारतेचं माप बिघडवतात. गाईड सरांना माझा नमस्कार सांगा, बर्फ लॅबच्या फ्रीझरमध्ये आहे.

प्रश्न : हे सगळं परदेशातलं. साताऱ्याला, धुळ्याला पवनचक्क्या आहेत, तिथे बर्फ नाही. आपल्याला या ज्ञानाचा उपयोग काय?
— एक वाचक, सीताबर्डी, नागपूर

उत्तर : उपयोग आहे. आपल्याकडे धारेवर बर्फ बसत नाही, किडे बसतात, धूळ बसते. २००१ साली दोन डच संशोधकांनी "नेचर"मध्ये दाखवून दिलं की धारेवर चिकटलेल्या मेलेल्या किड्यांमुळे जोराच्या वाऱ्यात पवनचक्कीची वीज निम्म्यापर्यंत घसरू शकते. किडे उडतात मंद वाऱ्यात, चिकटतात तेव्हाच, आणि तोटा दिसतो नंतर, वारा वाढल्यावर. वाढीचा काळ आणि बसून राहण्याचा काळ, हा फरक इथेही तसाच लागू आहे, आणि वाऱ्याच्या वेगाशी वीज ताडून बघायची पद्धतही. वनकुसवड्याच्या पठारावर किंवा साक्रीकडे पवनचक्कीची दहा मिनिटांची नोंद ज्याच्या हातात आहे, त्याला पाती धुवायच्या आधीची आणि नंतरची रेघ आजच काढता येईल. पावसाने धार धुतली जाते, तेव्हा पहिल्या जोरदार सरीच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा ताडून बघायला फुकट मिळतो.

आणि बर्फही फार लांब नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने लडाखमधल्या १३ गिगावॅट अक्षय ऊर्जेसाठी पारेषण मार्गाला मंजुरी दिली, त्यात वाऱ्याचाही वाटा आहे. तिथली हवा कोरडी, म्हणून स्वीडनसारखा बर्फ धरेलच असं कुणी गृहीत धरू नये, आणि धरणारच नाही असंही नाही. तिथे वाऱ्याची नोंद घेणारे मनोरे उभे राहतील त्या प्रत्येकावर एक तापवलेला आणि एक साधा ॲनिमोमीटर हवा, शेजारी तापमान आणि आर्द्रता, आणि पहिल्या दिवसापासूनची दहा-दहा मिनिटांची नोंद जपून ठेवलेली. काही हिवाळ्यांची अशी नोंद हाती असली तर कुठल्या डोंगरावरच्या पात्यांत हीटर लागतील आणि कुठे तो खर्च वाया जाईल, हे पवनचक्क्या उभ्या करायच्या आधीच ठरवता येईल.